आयईएलटीएस स्पीकिंग आणि तुमचे छंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात शिकायला, नोकरीला किंवा पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) जाणाऱ्यांना आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीतल्या बोलण्याच्या परीक्षेत छंदांवर प्रश्न येऊ शकतो. विषय सोपा वाटतो, म्हणून तयारी होत नाही आणि नेमकी तिथेच गाडी अडते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांकडून किंवा घरात फक्त मराठी बोलणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती मोठ्याने वाचता येतील.

मला सांगण्यासारखा छंदच नाही. मग काय सांगू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्यावर बहुतेक जण शोधतात ते उत्तर म्हणजे "रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग". बायोडेटावर हे खपतं. इथे परीक्षक पुढचा प्रश्न विचारतो, "अलीकडे काय वाचलंत?" आणि समोरचा माणूस दहावीच्या पाठ्यपुस्तकातला धडा आठवायला लागतो.

छंद भारी असावा लागत नाही. परीक्षकासमोरच्या गुणपत्रिकेत छंदासाठी रकानाच नाही. तिथे चारच गोष्टी असतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चौघांना सारखंच वजन. तुम्ही पॅराग्लायडिंग करता की गच्चीवर कुंड्यांमध्ये टोमॅटो लावता, याने अर्ध्या बँडचाही (आयईएलटीएसचे गुण बँडमध्ये मोजतात) फरक पडत नाही. पडला तर टोमॅटोच्या बाजूनेच पडेल, कारण टोमॅटोवर तुम्ही दोन मिनिटं बोलू शकता: माती कुठून आणली, पहिल्या वर्षी कीड कशी लागली, शेजारच्या काकूंनी काय उपाय सांगितला, किती टोमॅटो निघाले आणि त्यातले किती माकडांनी नेले.

तेव्हा "माझा छंद कोणता" असं स्वतःला विचारू नका. गेल्या रविवारी कोणी न सांगता काय केलं, ते आठवा. मित्राची बुलेट उघडून बसलात? सोसायटीच्या क्लबमध्ये कॅरम खेळलात? दिवाळीत पोरांबरोबर किल्ला बांधायला घेता? जुनी नाट्यगीतं ऐकता? क्रोशाचं विणकाम? यातलं काहीही चालेल.

आणि खरंच काही नसेल तर तसं सांगा, पण कारण जोडा: "टु बी ऑनेस्ट, आय डोन्ट हॅव अ हॉबी ॲट द मोमेंट, बिकॉज आय वर्क नाइट शिफ्ट्स. बट इन कॉलेज आय यूज्ड टु प्ले कॅरम ऑलमोस्ट एव्हरी इव्हिनिंग." यात वर्तमान आहे, भूतकाळ आहे, कारण आहे. "नो, आय डोन्ट हॅव" म्हणून गप्प बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

परीक्षेत छंदांचा विषय नेमका कुठे येतो?

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिला भाग 4 ते 5 मिनिटांचा. ओळखपत्र पाहून झालं की घर, गाव, शिक्षण किंवा काम यावर थोडं बोलणं होतं आणि मग एकदोन रोजचे विषय येतात. छंद त्यांतला एक असू शकतो: तुम्हाला कोणते छंद आहेत, लहानपणी कोणते होते, घरच्यांचे आणि तुमचे छंद सारखे आहेत का.

दुसऱ्या भागात क्यू कार्ड मिळतं. त्यावर एक विषय आणि तीनचार मुद्दे लिहिलेले असतात. विचार करायला 1 मिनिट, लिहायला कागद आणि पेन्सिल, मग 1 ते 2 मिनिटं एकट्याने बोलायचं. कार्डावर "हॉबी" हा शब्द असेलच असं नाही. मोकळ्या वेळात करायला आवडणारी गोष्ट, शिकायचं असलेलं कौशल्य, लहानपणी आवडलेला खेळ, ताण घालवायला तुम्ही काय करता, अशा वेशांत तोच विषय येतो. त्यामुळे एकाच छंदाचा नीट विचार केलेला असला तर अशी बरीच कार्डं त्यात बसवता येतात.

तिसरा भाग पुन्हा 4 ते 5 मिनिटांचा. तिथे तुमच्यावरून गाडी समाजाकडे वळते. त्याबद्दल पुढे बोलूच.

पहिल्या भागात किती बोलायचं?

दोन ते चार वाक्यं. उत्तर, कारण, एखादा तपशील, बस. एका शब्दात उत्तर दिलं तर गुण द्यायला परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. दोन मिनिटांचं भाषण सुरू केलं तर तो मध्येच पुढचा प्रश्न विचारेल.

क्यू कार्डवर दोन मिनिटं भरत नाहीत. चाळीस सेकंदांतच संपतं.

संपतं, कारण आपण छंदाचे फायदे सांगायला लागतो. ट्रेकिंगने तब्येत चांगली राहते, मन ताजं होतं, निसर्गाच्या जवळ जाता येतं. झालं. हा शाळेतला निबंध आहे, आणि निबंधाला चाळीस सेकंद पुरतात.

फायदे सोडा, एखाद्या दिवसाची गोष्ट सांगा. समजा तुम्ही किल्ल्यांवर जाता. मिळालेल्या एका मिनिटात कागदावर पूर्ण वाक्यं लिहू नका, खुणेचे शब्द लिहा: "कॉलेज, बूट नव्हते. राजगड, गुंजवणे. पाऊस, चोर दरवाजा. आता महिन्यातून एकदा. पुढे हरिश्चंद्रगड." एवढं पुरे.

आता यातून बोलणं कसं निघतं ते बघा. सुरुवात कशी झाली हे सांगताना साधा भूतकाळ येतो: कॉलेजच्या मित्रांनी ओढून नेलं, पायात साधे कॅनव्हासचे बूट होते. मग एकच विशिष्ट दिवस. पहाटे गुंजवण्यातून निघालो, चोर दरवाज्याखालच्या खडकात पाऊस सुरू झाला, रेलिंगला धरून वर गेलो, पद्मावती माचीवर भिजलेली भाकरी खाल्ली. इथे "वी वर क्लाइंबिंग व्हेन इट स्टार्टेड टु रेन" असं वाक्य आपोआप तोंडात येतं आणि चालू भूतकाळही वापरून होतो. मग आता काय करता, किती वेळा जाता, म्हणजे वर्तमानकाळ. शेवटी पुढे काय करायचंय: "इफ आय गेट अ लाँग वीकेंड, आय वुड लाइक टु डू हरिश्चंद्रगड." काळांची यादी पाठ न करताच सगळे काळ येऊन गेले, आणि दोन मिनिटं कधी संपली ते कळलंही नाही.

कार्डावरच्या मुद्द्यांना धरून राहावं, पण त्यांच्यातच अडकू नये. एखादा मुद्दा ओझरता झाला तर त्यासाठी वेगळे गुण कापायची पद्धत नाही. मूळ विषय मात्र सोडू नका.

ढोल-ताशा, गोधडी, दिवाळी अंक हे परीक्षकाला कसं कळणार? त्यापेक्षा गिटार सांगू का?

गिटार येत असेल तर जरूर सांगा. पण पथकात ढोल वाजवणाऱ्या मुलीने गिटार का सांगावं? परीक्षक भारतातला असेल किंवा नसेल. काही केंद्रांवर ही मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते, तेव्हा तो कुठेही बसलेला असू शकतो. त्याला माहीत नसलेली वस्तू त्याच्या भाषेत समजावून सांगणं हेच तर कौशल्य आहे. नेमका शब्द नसताना वळसा घालून अर्थ पोचवता येतो का, हे शब्दसंपत्तीच्या निकषात पाहिलं जातं.

ढोलासाठी: "इट्स अ लार्ज ड्रम दॅट यू टाय अराउंड युअर वेस्ट, अँड वी प्ले इन ग्रुप्स ड्युरिंग द गणेश फेस्टिव्हल." मग सरावाबद्दल बोला. पुण्यात गणपतीच्या आधी काही आठवडे मुठेच्या काठी संध्याकाळी पथकांचे सराव चालतात, पहिल्या आठवड्यात हाताला फोड येतात, दोऱ्या ताणून ढोलाचा आवाज चढवावा लागतो. गोधडीसाठी: जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवलेलं पांघरूण, आजीने शिकवलं, त्यात आईच्या लग्नातली साडीसुद्धा आहे. दिवाळी अंकासाठी: सणाच्या वेळी निघणारे खास अंक, कथा-कविता-लेखांनी भरलेले, 1909 पासूनची परंपरा. "आय रीड मॅगझिन्स" म्हणण्यापेक्षा हे केवढं जिवंत आहे.

फक्त एक सांभाळा. मराठी शब्द वापरला की लगेच पुढच्या अर्ध्या वाक्यात त्याचा अर्थ सांगा. लागोपाठ तीन मराठी शब्द विनाखुलासा आले तर ऐकणाऱ्याचा धागा सुटतो.

छंद खोटा सांगितला तर पकडतात का?

कोणी शहानिशा करत नाही. परीक्षा इंग्रजीची आहे, चारित्र्याची नाही. अडचण वेगळीच होते. न केलेल्या गोष्टीचे तपशील रचायचे आणि ते इंग्रजीत बोलायचेही, अशी दोन कामं डोक्याला एकदम करावी लागतात, आणि ओघ तुटतो. थोडं मीठमसाला लावायला हरकत नाही. दोनदा केलेला ट्रेक "बऱ्याचदा" केला म्हणा. स्कूबा डायव्हिंग मात्र नको, विशेषतः पोहता येत नसेल तर.

क्लासमध्ये दिलेली उत्तरं पाठ केली तर?

नका करू. परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखायचं प्रशिक्षण असतं आणि ते ओळखणं फार अवघडही नसतं. इतका वेळ अडखळणारा मुलगा एकाएकी एका दमात, एकाच पट्टीत, वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखं बोलायला लागतो. मग परीक्षक असा प्रश्न टाकतो की पाठांतर उपयोगी पडत नाही, आणि खरी पातळी उघडी पडते. त्यातून काही क्लासेसमध्ये एकाच गावच्या चाळीस जणांना एकच "माय ग्रँडफादर इन्स्पायर्ड मी टु स्टार्ट गार्डनिंग" दिलेलं असतं. सगळ्यांचे आजोबा माळी कसे, असा प्रश्न परीक्षकाला पडला तर त्याचा काय दोष?

एकत्र येणाऱ्या शब्दांच्या जोड्या पाठ असाव्यात, पूर्ण वाक्यं नव्हे. "टेक अप अ हॉबी", "पिक अप अ स्किल", "अनवाइंड आफ्टर वर्क", "गेट द हँग ऑफ इट", "लूज ट्रॅक ऑफ टाइम". ही पाचच नीट वापरता आली तरी पुरे. "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" आणि "वन्स इन अ ब्लू मून" यांनी कोणाचा बँड वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मराठी बोलणाऱ्यांच्या ठरलेल्या चुका कोणत्या?

मराठीतून विचार करून बोलताना काही चुका हमखास होतात, आणि छंद हा विषय त्या सगळ्या बाहेर काढतो.

सगळ्यात मोठी चूक काळाची. "मी पाच वर्षांपासून ट्रेकिंग करतोय" याचं आपण "आय ॲम डूइंग ट्रेकिंग सिन्स फाइव्ह इयर्स" करून टाकतो. हवं ते असं: "आय हॅव बीन ट्रेकिंग फॉर फाइव्ह इयर्स". किती काळ ते सांगताना "फॉर", कधीपासून ते सांगताना "सिन्स": "सिन्स 2019", "सिन्स माय कॉलेज डेज". छंदाच्या विषयात हे वाक्य येणारच, म्हणून एवढं एक तोंडात घोळवून ठेवा.

उलट एक गोष्ट मराठीमुळे सोपी होते. "आम्ही खेळायचो", "मी चित्रं काढायचे" यातला "-यचो, -यचे" म्हणजे जवळजवळ "यूज्ड टु": "आय यूज्ड टु ड्रॉ". पण "आय ॲम यूज्ड टु ड्रॉ" म्हणू नका. "ॲम" आलं की अर्थ सवयीकडे जातो आणि वाक्यही चुकतं.

"आय ॲम लायकिंग", "आय ॲम हॅविंग मेनी हॉबीज" ही वाक्यं आपल्या कानाला गोड लागतात, पण चूक आहेत. साधं "आय लाइक", "आय हॅव". "एन्जॉय"पुढे "टु कुक" नको, "कुकिंग" हवं. "इंटरेस्टेड"पुढे "इन". पोहायला जातो हे "आय गो स्विमिंग", योग करतो हे "आय डू योगा", आणि वाद्यापुढे "द" लावलेलं बरं: "आय प्ले द तबला". खेळापुढे मात्र "द" नको, नुसतं "आय प्ले क्रिकेट". मराठीत "अ", "द" नसल्यामुळे हे विसरतं. एकदोनदा विसरलं तर आभाळ कोसळत नाही.

"रविवारीच" मधला "च" इंग्रजीत "ऑन संडे ओन्ली" होऊन येतो. "ओन्ली ऑन संडेज" म्हणा. "टाइमपास" हा शब्द भारताबाहेर कोणाला कळेलच असं नाही. "आय डू इट टु पास द टाइम" म्हटलं की काम होतं.

चूक झाली आणि लक्षात आली तर सुधारून पुढे जा. प्रत्येक वाक्याला थांबून मागे जाऊ नका, त्याने ओघाचे गुण जातात.

माझा उच्चार मराठी वळणाचा आहे. गुण जातील का?

वळणामुळे नाही. कळत नसेल तर जातील. अमेरिकन ढंग आणायचा प्रयत्न केला तर तो तिसऱ्या वाक्यापर्यंत टिकतो आणि मग कानाला चमत्कारिक वाटतं.

लक्ष द्यायचं ते आघातावर. "फोटोग्राफ"मध्ये पहिल्या अक्षरावर जोर, "फोटोग्राफी"मध्ये दुसऱ्यावर. "गिटार"मध्ये शेवटावर. "हॉबीज"च्या शेवटी "स" नाही, "माझा"मधल्या "झ"च्या जवळचा मऊ, घासत येणारा आवाज आहे. "ट्रेक" आणि "ट्रॅक" वेगळे ऐकू आले पाहिजेत, नाहीतर तुम्ही डोंगरात होतात की रेल्वेच्या रुळांवर, हे कळायचं नाही. आणि "व"ची दोन रूपं: "वेरी"ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, "वॉक"ला ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. आरशासमोर दोनतीन दिवसांत जमतं.

6 बँड आणि 7 बँड यांत फरक काय दिसतो?

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतर योजनेसाठी सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) 9 हवा असणाऱ्यांना स्पीकिंगमध्ये 7.0 लागतात, म्हणून हा प्रश्न बऱ्याचदा पोटतिडकीने विचारला जातो.

6 वाला बोलायला तयार असतो, लांब बोलतोही, पण मध्ये मध्ये तेच तेच शब्द येतात, धागा सुटतो. "ट्रेकिंग इज व्हेरी गुड. आय फील व्हेरी गुड. द व्ह्यू इज व्हेरी गुड." 7 वाल्याला बोलत राहायला दिसण्याइतके कष्ट पडत नाहीत, बिनचूक वाक्यं वारंवार येतात, आणि शब्द प्रसंगाला चिकटलेले असतात: "वी सेट ऑफ बिफोर डॉन", "माय नीज वेअर किलिंग मी ऑन द वे डाउन", "इट क्लिअर्स माय हेड". यातला एकही शब्द अवघड नाही. 7 वालासुद्धा चुकतो, थांबतो. पूर्ण बिनचूक बोलायचं दडपण घेतलं की माणूस सावध होतो, वाक्यं आखूड होतात आणि गुण उतरतात.

चार निकषांचे वेगवेगळे गुण देऊन सरासरी काढतात. 7, 6, 6, 7 मिळाले तर 6.5.

तिसऱ्या भागात काय विचारतात?

लोकांना छंद का लागतात, आजच्या मुलांना त्यासाठी वेळ मिळतो का, महागडे छंद जास्त समाधान देतात का, छंदाचा धंदा केला तर मजा जाते का, असे प्रश्न. इथे "आय"वरून "पीपल"वर या. "माझ्या भावाला..." एवढ्यावरच थांबलात तर उत्तर तोकडं पडतं. आधी मत, मग कारण, मग उदाहरण, आणि जमलं तर दुसरी बाजू.

मुलांच्या वेळेचा प्रश्न घ्या. मत: वेळ आहे, पण तो मोठ्यांनी आखलेला आहे. कारण: एका पिढीपूर्वी चाळीत, वाड्यात मुलं शाळा सुटली की आपापले खेळ शोधायची, आता चार वाजता अबॅकस, पाचला स्केटिंग. दुसरी बाजू: ज्या आईवडिलांना स्वतःला संधी मिळाली नाही, त्यांना मुलांना ती द्यावीशी वाटते, हेही समजण्यासारखं आहे. "पीपल टेंड टु", "अ जनरेशन अगो", "इट डिपेंड्स ऑन", "दॅट सेड" एवढ्या सांध्यांवर हे उत्तर उभं राहतं. मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत.

प्रश्न कळला नाही तर विचारा. पहिल्या भागात प्रश्न ठरलेले असतात, त्यामुळे परीक्षक बहुधा तोच प्रश्न पुन्हा वाचेल. तिसऱ्या भागात तो वेगळ्या शब्दांत मांडू शकतो. पुन्हा विचारण्यासाठी गुण कापत नाहीत.

परीक्षकाने मध्येच थांबवलं, म्हणजे बिघडलं का?

नाही. दुसऱ्या भागात दोन मिनिटं झाली की त्याला थांबवावंच लागतं. वेळ त्याच्यावरही बांधलेला असतो. तो हसला नाही, मान हलवली नाही, यावरूनही काही ठरवू नका.

रील्स बघणं किंवा मोबाइल गेम हा छंद सांगितला तर चालेल?

चालेल. पबजीवर नेमकं बोलणारा मुलगा पुस्तकांवर मोघम बोलणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

ॲकॅडेमिक आणि जनरल या आयईएलटीएसच्या दोन प्रकारांची स्पीकिंग वेगळी असते का? दुसऱ्या परीक्षांचं काय?

स्पीकिंग दोन्हींना एकच. पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत समोर माणूस नसतो, संगणकाशी बोलायचं असतं, त्यामुळे ही गप्पांची तयारी तिथे तशीच लागू होत नाही. नर्सिंगवाल्या जी ओईटी ही आरोग्यक्षेत्रासाठीची इंग्रजी परीक्षा देतात, तिथे सुरुवातीच्या ओळखीच्या गप्पांना गुण नसतात. गुण असतात ते रुग्णाशी बोलण्याच्या प्रसंगांना.

घरी एकट्याने सराव कसा करू?

मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि बोला. मग ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, पण "ॲक्चुअली" किती वेळा म्हणालो ते तेव्हाच कळतं. त्याच छंदावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला, पण वेगळा प्रसंग घ्या. तेच वाक्य तसंच येत असेल तर ते पाठ होतंय, ते मोडा. घरात कोणी ऐकणारं असेल तर त्यांना मधेच "का?" "कधी?" असं विचारायला सांगा. इंग्रजी येत नसेल तरी आई "व्हाय?" नक्की विचारू शकते.

गुण अपेक्षेपेक्षा कमी आले तर?

मुलाखतीचं रेकॉर्डिंग झालेलं असतं, त्यामुळे फेरतपासणी मागता येते. निकाल बदलला तर तिची फी परत मिळते. परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असेल तर फक्त स्पीकिंग पुन्हा द्यायची सोयही आहे, तिला वन स्किल रिटेक म्हणतात. मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत ती द्यावी लागते. मात्र ज्या विद्यापीठासाठी किंवा देशासाठी निकाल हवाय, ते रिटेकचा निकाल धरतात का, हे पैसे भरण्याआधी त्यांच्याकडूनच विचारून घ्या.